आत किती, बाहेर किती

१

मारेताचं हृदय बंद पडता पडता राहिलं. तिला जरा स्थिर करून डॉक्टर उरियाम औषधांच्या कपाटाकडे वळले आणि तिथेच थबकले. कपाट उघडं होतं. वरच्या फळीवर, लाल चिकटपट्टी लावून बाकी सगळ्यापासून लांब ठेवलेली पोटॅशियमच्या इंजेक्शनांची पेटी जागेवर नव्हती.

"तिओना," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कपाटात शेवटी कोण गेलं होतं?"

या वॉर्डाची नर्स मी. माझ्या कडेवर माझी लेक होती, तिने माझा कान धरला होता, आणि मी तो सोडवण्यात गुंतल्यासारखं केलं. उत्तर सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. उजाडल्यावर मारेताच्या हातातली नळी साफ करायला सलाइनची छोटी कुपी हवी होती. ती आणायला आमची शिकाऊ नर्स रोतिया गेली होती. तिने कुपी फोडली, नळीत सोडली. थोड्याच वेळात मारेताचे ओठ निळे पडले, डोळे फिरले, आणि हृदयाच्या आलेखावर तंबूच्या खांबांसारखी उंच उंच टोकं उमटली. ती टोकं रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलं की येतात.

डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदय तेवढं काही काळ तगून राहतं. मग साखरेच्या पाण्याबरोबर इन्सुलिन. टोकं खाली बसली. मारेताने डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला तो असा:

"पाणी."

"नाही गं राणी," मी म्हटलं. "अजून वेळ झाली नाही."

कॅल्शियमची आता एकच कुपी शिल्लक होती. विमान राजधानीत, तारावाला, बिघडून उभं होतं, त्याचा सुटा भाग कुठल्या तरी दुसऱ्या देशातून यायचा होता. आमच्या बेटावर किडनीचं काम करणारं यंत्र नाही. तसं ते तारावालाही नाही.

मारेता बाळंत झाली तेव्हा तिचं इतकं रक्त गेलं होतं की किडन्यांनी काम थांबवलं. डॉक्टर म्हणायचे, "मेल्या नाहीत, झोपल्यात. जागं व्हायला दोन आठवडे लागतील, तीन लागतील. तोवर हिला जगवायचं, एवढंच आपलं काम." लघवी होत नाही म्हणजे घराचं मागचं दार बंद. पुढच्या दाराने जे आत जाईल ते आतच राहणार. म्हणून तिला सकाळी एक छोटा कप, दुपारी एक, संध्याकाळी एक, बस. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. तिचं बाळ मी पाजत होते. एका बाजूला माझी लेक, दुसऱ्या बाजूला तिचा लेक. ती बघत राहायची. बाळ घटाघटा पिताना तिचाही गळा हलायचा.

दारात तिचा नवरा बिरिबो येऊन उभा राहिला होता. त्याने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं, आणि वॉर्डातली कुजबुजही.

"कोण पोरगी ती?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "कुठाय ती?"

रोतिया वॉर्डात नव्हती.

२

रोतिया सापडली धुण्याच्या जागी. दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हाताला वाळू, नखांत वाळू. सापडली ती आमच्या बाईंना.

नेई अकोइया, 'नेई' म्हणजे आमच्यात 'बाई', तारावाच्या नर्सिंग शाळेतल्या शिक्षिका. शिकाऊ मुलींना बाहेरच्या बेटांवर घेऊन यायच्या. थोराड बाई, पाय सुजरे, तोंडात सतत केवड्याच्या फळाची वाळवलेली पोळी. वर्गात त्या एकच गोष्ट बडवून बडवून शिकवायच्या: आत किती, बाहेर किती, आणि उरलं ते कुठे गेलं. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

"चल ऊठ," त्या म्हणाल्या. "रडायचं तर सावलीत रड. पाण्याचा दुष्काळ आहे, उन्हात रडू नये."

रोतिया हसली नाही.

"मी दिलं बाई. मीच दिलं असणार."

"असणार? दिलं, का असणार?"

"दोन्ही कुप्या सारख्याच दिसतात. दोन्हीत पाण्यासारखंच असतं. मी वाचलं होतं. मला वाटतं मी वाचलं होतं. आता कितीही आठवलं तरी नाव दिसतच नाही. नुसता पांढरा कागद दिसतो."

"फोडलेली कुपी कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकली. कचरा जाळायला नेला."

"आणि पेटी?"

रोतियाने तोंड फिरवलं. बाईंनी वाट पाहिली. मी माझ्या लेकीला पायावर घेऊन झुलवत होते. धुण्याच्या जागी विहिरीचं खारट पाणी सांडायचं, तेवढ्यावरही कोंबड्यांची झुंबड उडाली होती. एकीने माझ्या पायावर चोच मारली.

"मला नाही माहीत," रोतिया म्हणाली.

"खोटं बोलताना तू डावा कान धरतेस," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून. जा, माझ्या खोलीत जाऊन बस. कुणी काही विचारलं तर सांग, बाईंनी तोंड उघडू नको म्हटलंय."

ती गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तिने मुद्दाम नाही केलं."

"मला ते नकोय, तिओना. मुद्दाम का चुकून, ते मागाहून बघू." त्यांनी तोंडातली पोळी या गालातून त्या गालात सरकवली. "कालचं रक्त कुणी तपासलं?"

"डॉक्टरांनी. संध्याकाळी."

"पोटॅशियम?"

"परवापेक्षा जास्त. परवाचं त्याच्या आदल्या दिवसापेक्षा जास्त."

"मग कालही रोतियाने कुपी दिली होती? आणि परवाही?"

मी पायांचं झुलवणं थांबवलं. परवा रोतियाची रजा होती.

"हळूहळू चढतंय," बाई म्हणाल्या. "सुईने दिलेलं असं जिना चढल्यासारखं येत नाही, ते एकदम छतावर उडी मारतं. पण हे डॉक्टरांना सांगून भागायचं नाही. त्यांना पेटी हवीय. आणि त्या बिरिबोला माणूस हवाय."

३

माणूस बिरिबोने तोवर शोधून ठेवला होता, पण तो रोतिया नव्हता. वॉर्डाच्या मागे त्याने म्हाताऱ्या नावेरेचं बनियन धरलं होतं. नावेरे अंग चोळून देणारा, मोडलेलं हाड बसवणारा. मारेताच्या पायांना तेल लावायला तो रोज यायचा.

"याने नारळ पाजलाय!" बिरिबो ओरडला. "बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, नारळाचं पाणी म्हणजे हिला विष?"

"म्हटलं होतं, त्यात पोटॅशियम भरपूर," बाई म्हणाल्या. "त्याचं बनियन सोड, आधीच दोन भोकं आहेत."

नावेरेने बनियन झटकलं. "नारळ? कुठला नारळ रे बाबा? माझ्या झाडावर चढून बघ. मुठीएवढी फळं, आत थुंकी असावी तेवढं पाणी. ताडी उतरवायला बांधलेल्या करवंटीत सकाळी माशी बुडत नाही. मला एखादा भरलेला नारळ मिळाला असता तर तुझ्या बायकोला दिला असता होय? मीच कोपऱ्यात बसून प्यायलो असतो."

"तेलात काय घालतोस?" बाईंनी विचारलं.

"तेल."

"आणि?"

"आणि माझे हात. म्हातारे झालेत, पण विषारी नाहीत."

बाईंनी त्याचे तळवे हुंगले. खरंच हुंगले. मग बिरिबोकडे वळल्या. "तू काय देतोस तिला?"

"मी? मी काय देणार? मी मासे आणतो, ते तुम्ही देऊ देत नाही. मी पाणी आणतो, ते तुम्ही देऊ देत नाही." त्याचा आवाज फाटला. "ती माझ्याकडे हात करते. मी बाहेर येऊन बसतो. आमच्यात बायको पाणी मागते आणि नवरा उठून बाहेर जातो, असं कुणी ऐकलंय?"

नावेरेनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाचं भांडण तिथेच संपलं.

"तिच्या तोंडात जे जातं ते सगळं कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"आई," बिरिबो म्हणाला. "सगळं आईच करते."

इस्पितळात दाखल माणसाचं जेवण त्याच्या घरचीच माणसं मागच्या चुलींवर रांधतात. बिरिबोची आई, नेई तेकारा, बारीक चणीची, चुलीसमोर उकिडवी बसली होती. आम्हाला बघताच तिने चटई झटकली आणि किटली उचलली.

"सिस्टर, बसा. पाजणाऱ्या बाईने उपाशी राहू नये. माझ्या नातवाचं पोट तुमच्यावर."

तिने मला चहा ओतून दिला. चहा जाडसर होता, जरा मातीच्या चवीचा. मी रोज प्यायचे. तीही प्यायची, बिरिबोही.

"हाच मारेताला?" बाईंनी विचारलं.

"हाच. तिच्या मापाच्या कपात. कपावर डॉक्टरांनी रेघ मारून दिलीय. रेघेच्या वर थेंब नाही." तिने कप दाखवला. "सून माझी आहे, पण रेघ डॉक्टरांची."

"आणि खायला?"

"बाबाई." खड्ड्यात लावलेल्या मोठ्या अळूचा कंद तिने उचलून दाखवला. मांडीएवढा होता. "तुम्ही सांगितलं तसंच, बाई. बारीक चिरायचं, दोनदा उकळायचं, दोन्ही वेळा पाणी फेकायचं. कंदातलं वाईट पाण्यात उतरतं ना, ते फेकायचं. विहिरीच्या पाण्यात नाही उकळायचं, खारट होईल, टाकीच्याच पाण्यात."

"फेकता?"

"फेकते."

"एकदाही विसरला नाहीत?"

नेई तेकाराने नजर खाली केली. "तुम्ही शिकलेल्या बायका, एवढ्या लांबून आलात. तुमचं सांगणं मोडेन मी?"

परत येताना मी म्हटलं, "चहात तर काही नाही, बाई. मीच पिते रोज. मला काय झालंय?"

"हं," बाई म्हणाल्या. त्या मागे वळून चुलीभोवतीच्या जमिनीकडे बघत होत्या.

४

दुपारचा कप पिऊन मारेता जराशी झोपली. मी दोन्ही बाळांना चटईवर शेजारी शेजारी घातलं. माझी लेक त्याच्या मुठीला हात लावून बघत होती. मी एका डोळ्याने त्यांच्याकडे आणि एका डोळ्याने मारेताच्या छातीकडे बघत होते. छाती हलत होती. मग हलेनाशी झाली.

"डॉक्टर!"

पुन्हा तीच टोकं, या वेळी आणखी रुंद, एकात एक मिसळणारी. कॅल्शियमची शेवटची कुपी डॉक्टर उरियाम यांनी माझ्या हातात दिली. "तू भर, तिओना. माझ्याच्याने नाही होत." मी भरली. हळूहळू, अगदी हळूहळू सोडली. बाहेर बिरिबो भिंतीवर मुठी आपटत होता. एकेक टोक बारीक झालं.

मारेताने माझं मनगट धरलं. "सिस्टर, माझं बाळ तुम्हीच ठेवा."

"गप."

"तुमच्याकडे पोट भरतं त्याचं."

"गप म्हटलं ना."

मी बाहेर आले तेव्हा माझं पोलकं दुधाने भिजलं होतं आणि दोन्ही बाळं आत रडत होती. डॉक्टर पायरीवर बसले होते. "आता काही नाही उरलं," ते म्हणाले. "झटका तिसऱ्यांदा आला तर आपण नुसतं बघायचं."

"रोतिया कुठे होती आत्ता?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याच खोलीत. मी बाहेरून कडी घातली होती," डॉक्टर म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं. ते बाईंकडे बघत राहिले. "म्हणजे पेटी दुसऱ्याच कुणाकडे आहे?"

"चला, तिलाच विचारू."

रोतियाने या वेळी कान धरला नाही. मारेताचं कळताच ती सरळ उठली आणि चालू लागली. आम्ही मागोमाग. किनाऱ्यावर, उलट्या घातलेल्या होडीशेजारी ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. लाल चिकटपट्टी दिसली.

"तुम्ही सगळे तिच्याभोवती होता तेव्हा मी घेतली," ती म्हणाली. "मला वाटलं, मी एकदा चुकले, पुन्हा कुणी चुकू नये. ही पेटी या बेटावर नसलेलीच बरी. समुद्रात टाकणार होते. पण समुद्रात मासे आहेत, आपण मासे खातो..."

बाईंनी पेटी उघडली. सगळ्या खणांत सगळ्या कुप्या, सगळ्यांच्या माना शाबूत. एकही खण रिकामा नव्हता.

"बघ," त्यांनी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. "एकेकीला हात लावून बघ."

रोतियाने लावला. शेवटच्या कुपीपाशी आल्यावर तिचे खांदे खाली आले आणि ती वाळूत आडवीच झाली.

"तू सलाइनच दिलं होतंस, मूर्ख पोरी," बाई म्हणाल्या आणि तिच्या केसांतली वाळू काढू लागल्या. "पुढच्या वेळी फोडलेली कुपी ताटलीत ठेवायची. का ठेवायची ते आता आयुष्यभर विसरणार नाहीस."

डॉक्टर उभेच होते. "मग कुठून येतंय? नारळ नाही, औषध नाही, सुई नाही. दार बंद आहे, मान्य. पण आत जातंय कुठून?"

ऊन उतरायला लागलं होतं. संध्याकाळच्या कपाची वेळ जवळ येत होती.

५

बाई तिथेच होडीला टेकून बसल्या.

"रोतिया, ऊठ. परीक्षा. मारेताच्या अंगात पाणी साठलंय का?"

"नाही बाई. वजन तेवढंच आहे. पायांवर सूज नाही. छातीत घुरघुर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवढं द्यायचं तेवढंच पाणी आत गेलं. जास्त नाही."

"बरोबर. आपण सगळ्यांनी मान मोडून मोजलं ते 'किती'. रेघेपर्यंत कप. मोजण्यात कुणी चुकलं नाही. आता दुसरं. मारेताचं आत-बाहेर आपण मोजलं. चुलीचं आत-बाहेर कुणी मोजलं?"

डॉक्टरांनी भुवया चढवल्या. "चुलीचं?"

"टाकीतून एका घराला दिवसाला काय मिळतं, तिओना?"

"एक बाटली. मोठी. दुष्काळ लागल्यापासून तेवढीच."

"आणि मांडीएवढा कंद बारीक चिरून एकदा बुडवून उकळायला?"

मी डोळ्यांपुढे पातेलं आणलं. "अर्धी बाटली तरी. जास्तच."

"दुसऱ्यांदा?"

"उरलेली."

"विहिरीचं वापरायचं नाही, असं मीच बजावलंय. तर मग बाटली संपली. आणि त्या चुलीवर दिवसभर किटली चढलेली असते. मायलेक चहा पितात, तू तिसरी, मारेता चौथी. तो चहा कशाचा?"

माझ्या तोंडात ती मातकट चव परत आली.

"धुण्याच्या जागी खाऱ्या पाण्याच्या थेंबासाठी कोंबड्यांनी एकमेकींची डोकी फोडली," बाई म्हणाल्या. "नेई तेकारा रोज दोनदा गोडं पाणी फेकते, तर तिच्या चुलीपाशी एक तरी कोंबडी दिसायला हवी होती. जमीन बघितलीत? राख आणि भुगा. तिथे महिनाभरात कुणी चूळसुद्धा टाकलेली नाही."

"पण तो चहा मीही पिते," मी म्हटलं.

"तू दिवसातून किती वेळा लघवीला जातेस? तुझं मागचं दार उघडं आहे. आलं तसं गेलं. तिचं बंद आहे." बाई उठायला लागल्या, रोतियाने हात दिला. "सुरुवातीचे दिवस मारेता ठीक होती, मग रोज थोडं थोडं चढलं. का? कारण आज उरलेलं पाणी उद्याच्या कंदाला. उद्याचं परवाच्याला. रोज नवा कंद, पाणी तेच. कंदातून आपण पोटॅशियम काढलं, दाट केलं, आणि कपात रेघेपर्यंत भरून दिलं."

डॉक्टर धावायलाच लागले.

नेई तेकारा कप घेऊन वॉर्डाच्या पायऱ्या चढत होती. डॉक्टरांनी हात धरला तशी ती दचकली, तरी कप तिने सांडू दिला नाही. दुसरा हात खाली धरला.

"सांडेल ना, डॉक्टर!"

"नेई तेकारा," बाई धापा टाकत आल्या, "मी विचारणार आहे आणि तुम्ही लाजायचं नाही. कंदाचं पाणी कुठे जातं?"

म्हातारी बाईंकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग दारात आलेल्या लेकाकडे.

"गोडं पाणी होतं ते," ती हळूच म्हणाली. "माझी आई दुष्काळात गेली. मी हाताने गोडं पाणी वाळूत ओतू? दोनदा गेले मी ओतायला. पातेलं उचललं, आणि हात तिरका होईना. कंद स्वच्छ झाला ना, मग पाण्याने काय केलंय? त्यात थोडा कसही असतो, तिच्या अंगाला लागेल, असं वाटलं." तिचा आवाज खोल गेला. "त्यानेच का?"

ती होती तिथेच पायरीवर बसली. कप दोन्ही हातांत धरून.

बिरिबो पुढे आला. मला वाटलं, ओरडेल. तो आईच्या शेजारी बसला आणि तिच्या हातातून कप काढून घेऊ लागला. तिची बोटं सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "फेका, म्हणून मी सांगितलं. टाक्या भरलेल्या असतात तिथे लिहिलेला धडा मी जसाच्या तसा इथे आणला. फेकायला पाणी आहे का, हे मी विचारलंच नाही."

६

कारण सापडलं म्हणून मारेता वाचली, असं नव्हतं. आत गेलेलं पोटॅशियम अंगातच होतं. डॉक्टरांनी पोटातून ते शोषून घेणारी भुकटी दिली, इन्सुलिन पुन्हा दिलं. आता तिला लागणार होतं निराळं, कोरं पाणी. कपभरच, पण रोज. आणि कंद उकळून ते पाणी खरोखर फेकायचं, तर त्यासाठी वेगळं. इस्पितळाच्या टाकीतून आता गाळ येत होता.

गोडं पाणी उरलं होतं ते चर्चच्या टाकीत. कुलपात.

आमच्यात बुबुती असते. कुणी समोर बसून 'मी मागतो' म्हटलं की नाही म्हणता येत नाही. म्हणूनच भलं माणूस ते शब्द तोंडातून काढत नाही. बाई मानेआबात गेल्या, गावसभेच्या त्या मोठ्या छपराखाली, म्हाताऱ्यांसमोर त्यांनी मांडी घातली.

"तारावाची माणसं विमानातून उतरतात ती मागतच उतरतात," एक म्हातारा बोलला. दोघे तिघे हसले.

"विमान बंद आहे, म्हणून चालत आले," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यात कधी बुबुती केली नाही. आज करते. मारेताला पाणी द्या."

हसणं थांबलं. आपापल्या घरची पोरं, आपापल्या बायका प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आल्या असतील. मग त्याच म्हाताऱ्याने कमरेची किल्ली सोडली आणि चटईवर ठेवली. बाईंकडे त्याने बघितलंही नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. डॉक्टर रक्त तपासत आणि आकडा मोठ्याने वाचत. चढला नाही. दुसऱ्या दिवशीही चढला नाही. उतरतही नव्हता. रोतिया खाटेजवळून हलेना. बसल्या बसल्या झोपायची आणि दचकून आलेख बघायची. बिरिबो आता उठून बाहेर जात नसे. ओलं फडकं मारेताच्या ओठांना लावत बसायचा. नेई तेकारा वॉर्डात येतच नव्हती. चुलीसमोर बसायची, पाणी मोजायची, रांधून झालं की पातेलं उचलून केवड्याच्या झुडपापाशी जायची आणि डोळे मिटून ओतायची. मी पाहिलंय. ओतून झाल्यावर ती त्या ओल्या वाळूवर हात ठेवायची.

एका सकाळी मी मारेताचं बाळ पाजत होते. रोतिया कापड बदलत होती. ती थांबली.

"सिस्टर," ती म्हणाली. "चादर ओली आहे."

"सलाइनची नळी निघाली असेल."

"नळी नाही." तिने चादर हुंगली. मग तिचा चेहरा असा काही झाला की मी बाळासकट उभी राहिले. "सिस्टर, ही लघवी आहे!"

डॉक्टर आले. बाई आल्या, अनवाणी. थोडीशी होती, पिवळीधमक. दुपारी पुन्हा झाली. संध्याकाळपर्यंत भांडं भरलं, आणि आम्ही सगळे त्या भांड्याभोवती, त्यात काही मौल्यवान सापडल्यासारखे, वाकून बघत होतो. नावेरेने तेवढ्यात तोंड घातलंच, "एवढी माणसं माझ्या लघवीला कधी जमली नाहीत."

मारेता हसली. हसताना तिचा ओठ पुन्हा फुटला.

"आता उलटं," डॉक्टर म्हणाले. जाग्या होणाऱ्या किडन्या धरून ठेवत नाहीत, ओतून टाकतात. "जेवढं बाहेर येईल तेवढं आत गेलं पाहिजे. रेघ पुसा."

नेई तेकारा दारात उभी होती. तिच्या हातात चर्चच्या टाकीतलं पाणी होतं, कोरं, भांड्याचा तळ दिसेल असं. ती आत येईना. बाईंनी तिला हाताला धरून खाटेपर्यंत आणलं.

"मी नको," ती म्हणाली. "सिस्टरना द्यायला सांगा. रोतियाला सांगा."

"तुम्हीच," बाई म्हणाल्या.

तिने भांडं मारेताच्या तोंडाला लावलं. तिचे हात इतके कापत होते की थोडं पाणी मारेताच्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, आणि या वेळी ते पकडायला कुणीच हात पुढे केला नाही. मारेता प्यायली. थांबली, श्वास घेतला, पुन्हा प्यायली. भांडं रिकामं झालं.

तिने सासूकडे बघितलं. डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आई," ती म्हणाली, "अजून."